गैरहजर माणसाची बाजू

मराठी खरेदीखताचा साचा ठरलेला असतो. वर तारीख, मग ‘लिहून घेणार’, त्याखाली ‘लिहून देणार’, मग मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा, आणि शेवटी मिळकत निर्वेध, बोजारहित व निजोखमी असल्याची हमी. ज्यांच्या सह्या हव्यात ती माणसे समोर बसलेली असतात. त्यांचे फोटो निघतात, अंगठे उमटतात, दोन ओळखदार ‘हो, हेच ते’ म्हणतात आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाच्या जिन्यातच कोणीतरी पेढ्यांचा पुडा सोडते. मिळकतीचा वकील त्या पुड्याभोवती असतो खरा, पण त्याचे डोके दुसरीकडे असते. त्या दिवशी तिथे कोण आले नाही, याचा तो विचार करत असतो. वारसनोंद होताना जिचे नाव राहून गेले ती धाकटी बहीण. गिरणीत काम मिळाले म्हणून मुंबईला गेला आणि पुन्हा गावात फिरकला नाही तो चुलता. ज्याच्या आजोबांनी ती जमीन कसली ते कूळ. कर्ज केव्हाच फिटले, पण बोजा कमी करून द्यायला जिचा सचिव आता हयात नाही ती पतपेढी.

या अभ्यासक्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना मला हीच ओळख आधी करून द्यावीशी वाटते. पुढच्या पानांत तीन कामांची चर्चा आहे: मिळकतीची वकिली, नगराची सेवा आणि परक्या देशाचे मानद वाणिज्यदूतपद. ही तीन कामे एका पुस्तकात का, असे पहिल्या वाचनात वाटेल. पहिल्यातून घर चालते, दुसऱ्यातून नाव होते आणि तिसऱ्यातून जेवणाची आमंत्रणे येतात, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला थट्टेने सांगितले होते. थट्टेत तथ्य होते. पण जगातल्या अनेक बंदरांत आणि व्यापारी शहरांत ही तीन कामे एकाच माणसाकडे चालत आलेली दिसतात, आणि त्याचे कारण आमंत्रणांत नाही. तिन्ही ठिकाणी काम एकच असते: जो समोर नाही त्याच्या वतीने कागद नीट ठेवणे.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू, कारण गैरसमजही तिथूनच सुरू होतात. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला हा उतारा महाराष्ट्रात मालकीचा दाखला समजला जातो. लग्न जमवताना तो बघतात, जामीन देताना तो जोडतात. कायद्याच्या नजरेत मात्र तो महसुलाचा कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम १५७ म्हणते की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांवर कित्येक दिवाणी वकिलांच्या दोन पिढ्या जगल्या आहेत. नोंदणीचेही तसेच. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली निबंधक दस्त नोंदवतो. देणाऱ्याकडे देण्याजोगे काही होते की नाही, याची हमी सरकार घेत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ साली वेगळी रीत घातली. तिथे नोंदवहीत नाव चढले की तोच मालक आणि त्या नावामागे सरकार उभे. आपल्याकडे दस्ताची नोंद होते, हक्काची होत नाही. म्हणून आपल्याकडे ‘सर्च’ लागतो.

सर्च म्हणजे काय, हे कायद्याच्या महाविद्यालयात फारसे कोणी शिकवत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याची कलमे पाठ होतात. नुसत्या साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे कलम ५४ मधले वाक्य परीक्षेत लिहून गुणही मिळतात. पण सूची क्रमांक दोनच्या नोंदवह्या कशा चाळायच्या, १९५० च्या आसपासच्या शाईत ‘बापू’ आणि ‘बाबू’ कसे ओळखायचे, एकाच माणसाचे नाव फेरफारात वडिलांच्या नावाने आणि दस्तात आडनावाने आले तर काय करायचे, हे हाताखाली काम करूनच येते. मुंबईत ही शिकवणी आर्टिकलशिपच्या नावाने चाले. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी १८९४ सालची. तिची सॉलिसिटरची परीक्षा अवघड म्हणून प्रसिद्ध. सॉलिसिटर आणि अॅडव्होकेट हा उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतला दुहेरी कारभार १९७६ च्या दुरुस्तीने गेला, तरी परीक्षा राहिली आणि तिच्याबरोबर कागद वाचण्याची एक शिस्तही राहिली.

सर्च तीस वर्षांचाच का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याला एकच उत्तर नाही. गहाण सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षे, सरकारला दावा लावायची मुदत तीस वर्षे, आणि योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांचा जुना दस्त खरा मानण्याची पुराव्याच्या कायद्यातली मुभाही तीस वर्षांचीच. या सगळ्यांचा मिळून धंद्यात एक संकेत पडला. संकेत सोयीचा असतो, आणि म्हणूनच धोक्याचाही. जमीन कुळकायद्यातली असेल तर तीस वर्षे मागे जाऊन काही हाती लागत नाही. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापर्यंत जावे लागते, त्या दिवशी कोण कसत होते ते पाहावे लागते, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात कलम ४३ ची अट लिहिलेली आहे का, ते तपासावे लागते. तो रकाना बारीक अक्षरात असतो. मी उमेदवारीत असताना एका सर्च रिपोर्टवर ‘टायटल क्लिअर’ असा शेरा लिहून मोकळा झालो होतो आणि तो रकाना वाचलाच नव्हता. व्यवहार मोडला, विसार अडकला, आणि माझ्या ज्येष्ठांनी मला ओरडण्याऐवजी तो उतारा माझ्याकडून हाताने दहा वेळा लिहून घेतला. पुढे कित्येक वर्षे ते दोन शब्द लिहिताना माझा हात अडखळत असे. आता मी ते लिहीतच नाही. ‘उपलब्ध कागदपत्रांवरून’ अशी सुरुवात करतो. अशिलांना ही सुरुवात आवडत नाही.

बहिणीच्या नावाबद्दल वर लिहिले, त्यावर थोडे थांबायला हवे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना सहदायिक केले. केंद्राने तेच २००५ साली देशभर केले. आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हा हक्क जन्मानेच येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा एवढा पुढे आला. हक्कसोडपत्र मात्र तिथेच आहे. वडील गेल्यावर वर्षाच्या आत सगळ्या बहिणी एका टेम्पोतून तालुक्याला येतात, सह्या करतात, साड्या घेऊन परत जातात. माहेर तुटू नये, भावाचे तोंड दिसत राहावे, एवढ्यासाठी केलेली ती सही असते. वकिलाला ती नाकारता येत नाही. ती कायदेशीर आहे. पण दस्त वाचून दाखवताना ‘विनामोबदला’ या शब्दाशी थांबायचे की नाही, त्या बाईला एकटीला बाहेर बोलावून ‘तुम्हाला कळले ना, आता यात तुमचे काही राहणार नाही’ असे विचारायचे की नाही, हे कुठल्याही कलमात नाही. माझ्या पाहण्यातले चांगले वकील थांबतात. बाकीचे घड्याळाकडे बघतात. टोकनचा नंबर आलेला असतो.

मुंबईचा विचार केला तर हे शहरच एका लग्नाच्या करारातून आले. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ते इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले आणि १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. मधल्या सात वर्षांत जो घोळ झाला तो कोणत्याही मिळकतीच्या वकिलाला घरचा वाटेल. आंदणात नेमके काय दिले? एकटे मुंबई बेट, की माहीम, परळ, वरळी हे सगळे? पोर्तुगीज अधिकारी म्हणत की बेट तेवढेच. इंग्रज म्हणत की भोवतालही. म्हणजे या शहराचा इंग्रजी अमलातला पहिला मोठा वाद चतुःसीमेचा होता, आणि तो मोजणीने न सुटता कब्जाने सुटला. पुढे त्याच भूमीवर फोरास, टोका, इनाम, क्विट अँड ग्राउंड रेंट, पेन्शन अँड टॅक्स अशा धारणांचे थर साचले. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर, माटुंगा, शीव या भागांत लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यांवर वस्त्या उभ्या केल्या. आज दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एखाद्या इमारतीचा सर्च करणाऱ्याला त्या ट्रस्टचे कागद काढावे लागतात. ट्रस्ट १९३३ सालीच महापालिकेत विलीन झाला, त्याची भाडेपट्ट्याची कलमे मात्र अजून अंगाला लागतात.

फ्लॅटची गोष्ट नवी वाटते, पण तिलाही साठ वर्षे झाली. बिल्डर पैसे घेत, ताबा देत आणि जमीन स्वतःच्या नावावर ठेवत. म्हणून १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात, आला. त्याने अभिहस्तांतरण बंधनकारक केले. ते न करणाऱ्यांची संख्या तरी कमी झाली नाही. शेवटी २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणावे लागले: बिल्डर सही करायला येत नाही ना, मग सक्षम प्राधिकाऱ्याने त्याच्या वतीने ती झाली असे मानायचे. या शब्दावर मी फिदा आहे. गैरहजर माणसाचे हित जपण्यासाठी कायदा एरवी झटतो. इथे त्याने गैरहजर राहणाऱ्याची लबाडी ओळखून त्याच्याशिवाय काम उरकले. २०१६ च्या रेरा कायद्याने पुढचे पाऊल टाकले. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे सक्तीचे झाले. आणि कलम १८ मध्ये एक वाक्य आहे, ज्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही: जमिनीच्या हक्कात दोष निघाल्यामुळे नुकसान झाले तर त्या भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. वीस वर्षांनी, बिल्डर आणि वकील दोघांच्या नातवांच्या काळात दोष निघाला, तरीही. सर्च रिपोर्टवर सही करणाऱ्याने हे वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण खरी मानून चालणारा एकच वकील असेल तर तो मिळकतीचा. त्याचे काम नीट झाले तर खटला उभाच राहत नाही, आणि उभा न राहिलेल्या खटल्याची बातमी होत नाही. म्हणूनच की काय, अशा वकिलाला लोकांत ओळख मिळते ती बहुधा दुसऱ्या दाराने, नागरी कामातून.

या दाराचे आपल्याकडचे सर्वात चांगले उदाहरण पुण्याचे आहे. गणेश वासुदेव जोशी हे वकील. लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली तिच्यामागे राजकारणाच्या मोठ्या घोषणा नव्हत्या; पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दलची नाराजी होती. म्हणजे देवस्थानाच्या मालमत्तेचा हिशेब. तो मागायचा तर मागणाऱ्याला अधिकार काय, हा प्रश्न आला, आणि तो त्या मंडळींनी वकिली पद्धतीने सोडवला: सभासद व्हायचे तर किमान पन्नास लोकांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. ९५ सभासद जमले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोक. मतपेटी या प्रांतात यायच्या आधी, जमिनीच्या व्यवहारात रोज वापरल्या जाणाऱ्या एका कागदातून त्यांनी प्रतिनिधित्व घडवले. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सार्वजनिक सभेला काँग्रेसची पूर्वपीठिका म्हणून अर्धे पान मिळते. मुखत्यारनाम्याचा उल्लेख झालाच तर ओझरता. माझ्या मते त्या सभेतली सर्वात मूळ कल्पना तीच होती, आणि ती सुचायला मिळकतीचे कागद हाताळलेला माणूस लागतो. याच काकांनी पुढे १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेतले, ते घ्यायला फारसे कोणी पुढे येत नसताना.

मुंबईकडे फिरोजशहा मेहता आहेत. १८६८ साली बॅरिस्टर होऊन आलेले, १८८८ च्या महापालिका कायद्याचे शिल्पकार म्हणून ओळखले जाणारे. तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

थांबायला हवे ते आजच्या पेचाशी. प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ चे कलम १२७ घ्या. विकास आराखड्यात तुमच्या जमिनीवर मैदानाचे आरक्षण पडले आणि आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने ती घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते आणि जमीन मोकळी. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्यच आहे: पालिकेने त्याची जमीन दहा वर्षे नुसती अडवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत, हे कोण सोसेल? त्याची नोटीस लिहिणारा वकील आपले काम करतो. पण तोच वकील संध्याकाळी आपल्या वॉर्डातल्या नागरिक मंडळाचा अध्यक्ष असतो, आणि तिथे मुलांना खेळायला जागा नाही म्हणून ठराव मांडला जात असतो. ज्या मुलांसाठी ते मैदान होते ती कदाचित अजून जन्मालाही आलेली नाहीत. ती नोटिशीला उत्तर देऊ शकत नाहीत. अशा वेळी काय करायचे? वकिलांच्या आचारसंहितेत अशिलाच्या विरुद्ध बाजूने उभे राहू नये, हे सांगितले आहे. न जन्मलेली मुले विरुद्ध बाजू आहेत की नाही, हे सांगितलेले नाही. मी पाहिलेले प्रामाणिक लोक एक साधी वाट काढतात: ज्या वॉर्डात काम करतात त्या वॉर्डातल्या आरक्षणाची नोटीस घेत नाहीत. फी बुडते. दुसरा कोणीतरी ती नोटीस लिहितोच. तरी ते घेत नाहीत.

शब्दांचे वजन किती असते हे गिरण्यांच्या जमिनींनी शिकवले. मध्य मुंबईतल्या सुमारे ६०० एकरांचा प्रश्न होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जागेचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असा समज होता. २००१ च्या बदलानंतर ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीला लागू राहिली. मग ‘मोकळी जमीन’ म्हणजे कोणती? गिरणीचे शेड पाडल्यावर मोकळी होणारी, की आधीपासूनच रिकामी असलेली? उच्च न्यायालयाने २००५ साली एक अर्थ लावला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. आज लोअर परळच्या उड्डाणपुलावरून दोन्ही बाजूंना जे दिसते ते त्या दोन शब्दांच्या अर्थातून उगवलेले आहे. गिरणगावातली बरीचशी माणसे तेव्हा कोर्टात नव्हती. त्यांच्यातली कित्येक १९८२ च्या संपानंतरच गावाकडे परतली होती, आणि पहिल्या परिच्छेदातला तो चुलता मात्र परतलाच नव्हता.

आता तिसरे काम. परदेशाचा राजदूत आणि परदेशाचा वाणिज्यदूत हे मिळकतीच्या कागदांपासून फार दूरचे विषय वाटतात. पण नोंदणी कायद्याचे कलम ३३ उघडा. मुखत्यारपत्र देणारा भारताबाहेर राहत असेल तर ते कोणासमोर झाले पाहिजे, याची यादी तिथे आहे: नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी आणि ‘भारतीय वाणिज्यदूत किंवा उपवाणिज्यदूत’. १९०८ च्या कायद्यात, सातारच्या वाड्याच्या आणि न्यू जर्सीच्या भावाच्या मधोमध, वाणिज्यदूत बसलेला आहे. भाऊ तिकडे सही करतो, कागद इकडे येतो, राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागतो, आणि मग पुण्यात बसलेला मामेभाऊ त्याच्या वतीने खरेदीखतावर सही करतो. १९६१ च्या हेग करारातली अपोस्टीलची पद्धत भारतात २००५ साली लागू झाल्यावर काही कागदांचा हा प्रवास सोपा झाला. तरी कॅलिफोर्नियातल्या नोटरीचा शिक्का गावच्या तलाठ्याला पटवून देणे ही वेगळी कला आहे.

वाणिज्यदूतांचे कायदेशीर रूप २४ एप्रिल १९६३ च्या व्हिएन्ना कराराने ठरवले. भारत त्यात १९७७ साली सामील झाला. करारात ७९ कलमे आहेत. पहिल्याच कलमात वाणिज्यदूत दोन प्रकारचे असल्याचे म्हटले आहे: पेशाने ते काम करणारे आणि मानद. कोणत्याही देशाने मानद दूत नेमलेच पाहिजेत किंवा स्वीकारलेच पाहिजेत, अशी सक्ती नाही. कल्पना मात्र जुनी आहे. प्राचीन ग्रीक नगरांत ‘प्रॉक्सेनॉस’ असे. तो ज्या नगरात राहतो तिथलाच नागरिक, पण दुसऱ्या नगराच्या लोकांची तिथे काळजी घेणारा. त्याला पगार नसे, मान असे. आजचा मानद वाणिज्यदूत त्याचाच वारस: मुंबईतला एखादा उद्योजक किंवा वकील, स्वतःचा धंदा चालू ठेवून, ज्या देशाचा पूर्ण दूतावास फक्त दिल्लीत आहे त्या देशाच्या नागरिकांना या शहरात हाताशी असणारा माणूस.

कराराच्या कलम ५ मध्ये दूताची कामे दिली आहेत, आणि तिथेच वकिलाची निवड का होते ते कळते. नोटरीचे काम, जन्म-मृत्यूच्या नोंदी, मयताच्या वारशात आपल्या नागरिकाचे हित, अज्ञानांची आणि असमर्थांची काळजी, न्यायालयीन कागद पोहोचवणे. समुद्रकिनाऱ्यावर एखादा पर्यटक दगावतो. त्याची भाषा कोणाला येत नाही, पाकिटातले पैसे आणि घड्याळ पोलिसांच्या पंचनाम्यात, आणि आई तीन समुद्रांपलीकडे. त्या आईच्या वतीने शवागाराबाहेर थांबणारा माणूस म्हणजे वाणिज्यदूत. तिथे झेंड्याचा काही उपयोग नसतो. पंचनामा नीट वाचता येणे उपयोगी पडते.

मानद दूताला मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल लोकांच्या कल्पना अफाट असतात. गाडीवर झेंडा लावला म्हणजे कायद्यातून सुटका, असे नाही. मानद दूत जिथे काम करतो त्याच देशाचा नागरिक असेल तर कलम ७१ प्रमाणे त्याला मुभा मिळते ती फक्त पदाच्या कामापुरती. त्याच्या घराला, फॅक्टरीला, वकिलीला काही लागू नाही. मला सर्वात आवडते ते कलम ६१: मानद दूताच्या कार्यालयाचे दप्तर अनुल्लंघनीय आहे, पण एका अटीवर. ते त्याच्या खासगी पत्रव्यवहारापासून, धंद्याच्या आणि पेशाच्या कागदांपासून वेगळे ठेवलेले पाहिजे. म्हणजे एकाच खोलीत दोन कपाटे. एकात अशिलांच्या सर्चच्या फायली, दुसऱ्यात त्या देशाचे कागद, आणि दोन्हींच्या किल्ल्या एका जुडग्यात न ठेवलेल्या बऱ्या. हे कलम लिहिणाऱ्यांना माणसाच्या टेबलाची चांगली कल्पना असावी.

या पदाच्या अब्रूचा एक प्रसंग आपल्याच देशातला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९२ साली बेंजामिन जॉय यांना कलकत्त्यात अमेरिकेचा दूत म्हणून नेमले. ते १७९४ साली पोहोचले तेव्हा कंपनी सरकारने दूत म्हणून मान्यता द्यायचे नाकारले. व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहा, म्हणाले. नेमणूकपत्र एका देशाचे, मान्यतापत्र दुसऱ्याचे, दोन्ही लागतात. लिहून देणार आणि लिहून घेणार, दोघांच्या सह्यांशिवाय हेही पद पुरे होत नाही.

मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारे दोन धागे सांगून ठेवतो. इस्रायलचा वाणिज्य दूतावास मुंबईत १९५३ पासून आहे. दोन देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ साली जुळले. मधली जवळपास चाळीस वर्षे दूतावास नसलेल्या त्या नात्यात वाणिज्य दूतावासच होता, आणि त्या काळात कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक मोठ्या संख्येने तिकडे गेले. अलिबाग-पेणच्या बाजूच्या जुन्या फेरफारांत पेणकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली आडनावे दिसली की सर्च करणाऱ्याने थांबावे. मूळ मालकाचे वारस कदाचित अश्दोदमध्ये किंवा लोदमध्ये असतील, आणि त्यांच्याही घरी मराठी बोलली जात असेल. दुसरा धागा पाकिस्तानच्या अटकेतल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा. अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या दूताला भेटू देणे, हे त्याच व्हिएन्ना कराराचे कलम ३६. १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने ते मोडल्याचे सांगितले. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे यांनी त्यासाठी एक रुपया फी घेतली. त्या दिवशी बऱ्याच घरांत ‘काउन्सेलर अॅक्सेस’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि बऱ्याच घरांत चुकीचा. योग्य शब्द कॉन्सुलर.

नागरी पद आणि परदेशी पद एकत्र घेऊ इच्छिणाऱ्यांनी आपल्या संविधानाचा अनुच्छेद १८ वाचल्याशिवाय होकार देऊ नये. राज्यसंस्थेखाली लाभाचे किंवा विश्वासाचे पद धारण करणाऱ्याला राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परक्या राज्याकडून कोणतीही भेट, मोबदला किंवा पद स्वीकारता येत नाही. स्थानिक प्राधिकरणेही संविधानाच्या अनुच्छेद १२ नुसार ‘राज्यसंस्थे’त येतात, तेव्हा आपले नागरी पद ‘विश्वासाचे पद’ ठरते का, हे नेमणुकीचे पत्र येण्याआधी तपासलेले बरे. पत्र आल्यावर लोक हार घेऊन येतात, आणि हार घातलेल्या माणसाला अनुच्छेद वाचायला वेळ नसतो.

मोह तिन्ही ठिकाणी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. वकिलीत घाईचा मोह, नागरी कामात ओळखींचा, दूतपदात व्हिजिटिंग कार्डाचा. केवळ विमानतळावर वेगळ्या रांगेत उभे राहायला मिळेल या आशेने पद मागणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना त्या पदाचे दुसरे कपाट बहुधा कधी उघडावे लागत नाही.

पुढच्या प्रकरणांतले पहिले सातबारा आणि मालमत्ता पत्रकाच्या वाचनाचे आहे, आणि ते सर्वात लांब आहे. दमू नका. त्याआधी एक काम करा. तुमच्या राहत्या घराचा, किंवा गावच्या जमिनीचा उतारा काढून आणा. महाभूमीच्या संकेतस्थळावर तो काही मिनिटांत मिळतो. मालकाच्या रकान्यातली नावे तुम्हाला ठाऊक असतील. त्यातली कंसात टाकलेली नावे वाचा, फेरफार क्रमांक एका कागदावर उतरवून घ्या, आणि आजीला किंवा आत्याला विचारा की यात कोणाचे नाव असायला हवे होते. ती थोडा वेळ गप्प बसेल. मग बोलेल.